लिलावाची मिळकत आणि तिजवरील शेष बोजे : प्रस्तावना

ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस गेल्या अर्धशतकात घरांची जी दाटी झाली ती बहुतांशी कर्जाच्या पैशावर उभी राहिली आहे. आणि जेथे कर्ज आहे तेथे थकबाकी, जेथे थकबाकी तेथे जप्ती व जेथे जप्ती तेथे हर्रास हा क्रम ओघानेच येतो. वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टंकात, चौकटीस चौकट लावून, नौपाड्यातील, कळव्यातील, खडकपाड्यातील किंवा मानपाडा रस्त्यावरील सदनिकांच्या विक्रीच्या ज्या जाहीर सूचना छापल्या जातात त्या पूर्वी वकील आणि दलाल यांखेरीज फारसे कोणी वाचीत नसे; आता भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणारा नोकरदार, जागा थोडी मोठी करू पाहणारा शिक्षक आणि निवृत्तीचा पैसा कोठे गुंतवावा या विवंचनेत असलेला रेल्वेतील कारकून, असे सर्वच त्या चौकटींवरून बोट फिरवीत असतात. राखीव किंमत बहुधा बाजारभावाहून कमी असते, विकणारी संस्था नामांकित असते, आणि ज्या बँकेने कर्ज देतेवेळी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेऊन कागदपत्रे तपासली तीच बँक आता विकीत आहे, तेव्हा मिळकत निर्वेध असणारच, असा एक समज या वाचकाच्या मनात नकळत घर करून बसतो. त्या समजाची कायद्याच्या आणि व्यवहाराच्या कसोटीवर चिकित्सा करणे एवढाच पुढील प्रकरणांचा हेतू आहे.

गहाणाचा मूळ कायदा जुना आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने गहाणाचे प्रकार, गहाण सोडविण्याचा ऋणकोचा हक्क आणि गहाण मिळकत विकून रक्कम वसूल करण्याचा धनकोचा हक्क यांची जी चौकट घालून दिली, तीत विक्रीपूर्वी दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे सामान्यतः अपरिहार्य होते, आणि त्या पायरीवर एकेका दाव्याची वर्षानुवर्षे झीज होत असे. २००२ सालच्या ज्या अधिनियमास बँकांच्या दफ्तरात ‘सरफेसी’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात त्याने ही पायरी काढून टाकली. कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस, तीस दाद न मिळाल्यास कलम १३(४) खालील ताबा, त्यानंतर तीस दिवसांची विक्रीची सूचना आणि मग लिलाव, असा सरळ मार्ग आखला गेला. धनको, जप्ती करणारा आणि विकणारा हे तिघेही एकाच बँकेच्या एका ‘प्राधिकृत अधिकाऱ्या’त एकवटले. सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो की नाही हा वाद पुष्कळ वर्षे चालला आणि तो मिटला तोही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात : कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांच्या बाजूने कौल दिला. सहकार कायद्याच्या नियमावलीतील नियम १०७ चा वसुली अधिकाऱ्याचा जुना रस्ताही अद्याप खुला आहेच, त्यामुळे डोंबिवलीतील एखादी सदनिका कोणत्या कायद्याखाली विकली जात आहे हे जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत पाहून ठेवावे. पुढील सारे हक्क आणि मुदती त्या एका ओळीवर अवलंबून असतात.

या लिलावाने खरेदीदारास नेमके मिळते काय? कलम १३(६) म्हणते की अशा विक्रीने खरेदीदाराकडे जे हक्क येतात ते जणू मालकानेच हस्तांतर केले असावे तसे येतात. म्हणजे बँकेने आपल्या बाजूने मालकीत काही भर घातलेली नसते, आणि मालकाच्या हक्कात जी उणीव होती तीही तिने भरून काढलेली नसते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? ज्या बोज्यासाठी विक्री झाली तो बोजा, म्हणजे खुद्द विकणाऱ्या बँकेचे गहाण, विक्रीबरोबर संपतो. त्या गहाणानंतर, त्याच्या अधीन राहून झालेली दुसरी गहाणे मिळकतीवरून उतरतात आणि विक्रीच्या रकमेत काही उरले तर तिच्याकडे वळतात. परंतु जे गहाण विकणाऱ्या बँकेच्या गहाणापूर्वीचे आहे ते विक्रीनंतरही मिळकतीस चिकटून राहते. कल्याण-डोंबिवलीच्या नव्या वस्त्यांत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. बांधकाम व्यावसायिकाने साऱ्या भूखंडावर एका वित्तसंस्थेचे कर्ज घ्यावे, त्याच इमारतीतील सदनिका विकताना ते सांगू नये, आणि सदनिकाधारकाने दुसऱ्या बँकेचे गृहकर्ज घेऊन तीच सदनिका पुन्हा तारण द्यावी, असे प्रकार घडतात. इमारतीच्या जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झालेले नसेल तर सातबाऱ्यावर अजून जमीनमालक किंवा बिल्डर यांचीच नावे असतात आणि त्यांच्या कर्जाची नोंद ‘इतर हक्क’ या रकान्यात सापडू शकते.

सरकारी देण्यांच्या बाबतीत मात्र गेल्या काही वर्षांत पुष्कळ स्पष्टता आली आहे. २०१६ च्या दुरुस्तीने घातलेले आणि २४ जानेवारी २०२० पासून अमलात आलेले कलम २६-ई असे सांगते की ज्या तारणाची नोंद केंद्रीय तारण नोंदणी संस्थेकडे, म्हणजे ‘सेरसाई’कडे, झालेली आहे त्या तारणधारकाचे येणे शासनाचे कर, उपकर आणि महसूल यांच्याही आधी भागवले जाईल. विक्रीकर खात्याने आपला ‘प्रथम भार’ पुढे करून कित्येक लिलाव अडवून धरले होते. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी या वादाचा विस्तृत निर्णय देऊन नोंदणीकृत तारणधारकाचा अग्रक्रम मान्य केला. दुकान, गोदाम किंवा कारखान्याचा गाळा घेणाऱ्याने हा निर्णय मुळातून वाचावा, कारण त्यात तारखांना फार महत्त्व आहे : कोणती जप्ती केव्हा झाली आणि तारणाची नोंद केव्हा झाली, यावर उत्तर बदलते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. अग्रक्रम हा बँक आणि सरकार यांच्यातला प्रश्न आहे, विक्रीचा पैसा आधी कोणी घ्यावा एवढाच तो प्रश्न आहे. खरेदीदाराच्या डोक्यावर मागून काही येईल की नाही हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तेथे आहे.

ते मर्म एका शब्दात सांगावयाचे तर ‘ठाऊक असणे’ हे होय. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०० असे म्हणते की मिळकतीवरील भार, ज्याने मोबदला देऊन आणि त्या भाराची जाणीव नसताना ती मिळकत घेतली, त्याच्या हातात गेलेल्या मिळकतीविरुद्ध, कायद्यात तसे स्पष्ट सांगितले नसल्यास, बजावता येत नाही. आणि त्याच अधिनियमाचे कलम ३ जाणीव कशास म्हणावे हे सांगताना, प्रत्यक्ष माहितीबरोबरच जाणूनबुजून चौकशी टाळणे आणि घोर निष्काळजीपणा यांचाही जाणिवेत समावेश करते. जे विचारले असता कळले असते ते ठाऊकच होते असे कायदा धरून चालतो. दुसऱ्या टोकास बँकही या ‘ठाऊक असण्या’च्या आडोशास उभी असते, कारण सरफेसीच्या नियम ९ प्रमाणे विक्रीच्या दाखल्यात मिळकत ‘तारणधारक धनकोस ज्ञात असलेल्या’ बोज्यांपासून मुक्त आहे की नाही एवढेच लिहावयाचे असते. अज्ञात बोज्यांविषयी दाखला मुका असतो. दोन्ही पक्षांचे ज्ञान जेथे तोकडे पडते त्या अंधाऱ्या पट्ट्यात जे बोजे दडलेले असतात ते खरेदीदाराच्या वाट्यास येतात.

हा विचार आपल्या नगरपालिकांना कसा लागू पडतो हे पाहण्यास अर्धशतकापूर्वीचा एक निर्णय उपयोगी आहे. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याणची महानगरपालिका त्यानंतर बरोबर एक वर्षाने अस्तित्वात आली. दोहोंचा कारभार चालतो तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या, आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कायद्याखाली. द्वैभाषिक मुंबई राज्य दुभंगल्यावर हाच कायदा गुजरातच्याही वाट्यास गेला होता, आणि अहमदाबादच्या महानगरपालिकेने त्याच्या कलम १४१ चा आधार घेऊन, न्यायालयाच्या लिलावात मिळकत घेतलेल्या एका खरेदीदाराकडून पूर्वीच्या मालकाचा थकलेला कर मागितला. कलम १४१ मालमत्ता कर हा जमीन महसुलाच्या खालोखाल मिळकतीवरचा पहिला भार ठरविते. तरीही १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. भार आहे हे खरे, पण बेखबर खरेदीदाराविरुद्धही तो बजावता येईल असे कलमात स्पष्ट सांगितलेले नाही, आणि मिळकत दिवाळखोरीच्या कामात रिसीव्हरांच्या हाती असल्यामुळे त्यांनी कर भरला असेल असे खरेदीदाराने धरून चालणे गैर नव्हते, असा त्या निर्णयाचा आशय. पुष्कळ वकील अजूनही हा निर्णय आपल्या पक्षकारास दिलासा म्हणून सांगतात.

मला तो दिलासा आजच्या काळात फारसा टिकाऊ वाटत नाही. १९७१ च्या खरेदीदारास कराच्या थकबाकीचा पत्ता लावण्यास पालिकेच्या कचेरीत कारकुनाच्या मागे फिरावे लागले असते. आज मालमत्ता क्रमांक हाती असल्यास कराचे देयक घरबसल्या पाहता येते, आणि जे घरबसल्या पाहता येते ते पाहिले नाही असे न्यायाधीशास सांगणे अवघड आहे. शिवाय प्रत्येक जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे त्या तत्त्वावर’ हे शब्द छापलेले असतात. के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात, एकाच प्रश्नावरील अनेक अपिले एकत्र घेऊन, सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी या शब्दांचा अर्थ सांगितला. वीजबिलाची थकबाकी आपोआप मिळकतीवरचा भार होत नाही, पण वीज पुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर नव्या खरेदीदारास जोडणी देण्यापूर्वी जुनी थकबाकी मागता येते, आणि ज्याने ‘जसे आहे’ या अटीवर खरेदी केली त्याने ही चौकशी करावयास हवी होती, असा त्या निर्णयाचा रोख आहे. म्हणजे १९७१ साली अज्ञानास जे संरक्षण मिळाले होते ते २०२३ सालापर्यंत जाहिरातीतील त्या अर्ध्या ओळीने जवळजवळ काढून घेतले. सुदैवाने महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेपासून वारसाखेरीज अन्य नव्या मालकावर येणारी अशी थकबाकी कमाल सहा महिन्यांच्या देण्यापुरती मर्यादित केलेली आहे. महावितरणच्या, किंवा कळवा, मुंब्रा, शीळ या भागांत २०२० पासून वीज वितरण पाहणाऱ्या खाजगी कंपनीच्या, कार्यालयात ‘सगळे भरा, मग मीटर’ असे कोणी सांगितले तर ही मर्यादा नम्रपणे पण लेखी निदर्शनास आणून द्यावी.

आता गृहनिर्माण संस्थेकडे वळू. कारण लिलावाच्या खरेदीदारास पहिला तगादा बहुधा तिच्याकडूनच येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ४७ संस्थेच्या येण्यासाठी सभासदाच्या हितसंबंधावर प्रथम भार निर्माण करते, आणि ज्या सभासदाने बँकेचे हप्ते थकविले त्याने संस्थेची देखभाल मात्र नियमित भरली असेल असे सहसा घडत नाही. समजा, डोंबिवलीतील एका सदनिकेची मासिक वर्गणी ३,००० रुपये आहे आणि ती चार वर्षे थकली आहे. मुद्दल १,४४,००० रुपये झाले. आदर्श उपविधींप्रमाणे त्यावर द. सा. द. शे. २१ पर्यंत सरळ व्याज आकारता येते, ते अदमासे साठ हजार. वर मोठ्या दुरुस्तीचा वर्गणी-वाटा, मालक राहत नसल्यास ना-वापर शुल्क, वसुलीच्या दाव्याचा खर्च. अडीच लाखांचा हा आकडा बँकेच्या जाहिरातीत कोठेही दिसत नाही, कारण तो तिला ‘ज्ञात’ नसतो. तिने संस्थेला पत्र टाकून विचारलेलेच नसते. खरेदीदार विक्रीचा दाखला घेऊन सभासदत्वाचा अर्ज करतो तेव्हा चिटणीस कपाटातून वही काढतात आणि आकडा प्रथमच उच्चारला जातो. येथे दोन्ही बाजूंस थोडे सांगणे अवश्य आहे. संस्थेची ही मागणी खोडसाळ नसते. इमारतीचा पंप, उद्वाहन आणि पहारेकरी यांचा खर्च त्या चार वर्षांत इतर सभासदांनी आपल्या खिशातून केलेला असतो. पण काही संस्था या संधीत हस्तांतरण अधिमूल्य म्हणून मनास येईल ती रक्कम ‘विकास निधी’ वा ‘देणगी’ या नावाने मागतात. महानगरपालिका क्षेत्रात या अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि लिलावाने आलेला सभासद हा इतरांहून कमी प्रतीचा सभासद नव्हे. वाद मिटला नाही तर उपनिबंधकांकडे जावे.

येथवर सांगितलेले बोजे पैशाचे होते. पैशाचा बोजा फार तर खरेदी महाग करतो. पण कल्याण-डोंबिवलीत असा एक बोजा आहे जो कोणत्याही रकमेने उतरत नाही, तो म्हणजे इमारतच बेकायदा असण्याचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या महानगरपालिकेच्या हद्दीतील ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविली गेली असा तो प्रकार होता, आणि त्या इमारतींतील कित्येक कुटुंबांनी बँकांची कर्जे काढून घरे घेतलेली होती. याचा अर्थ असा की महारेराचा क्रमांक, बँकेचे कर्ज आणि नोंदणीकृत करारनामा ही तीनही प्रमाणे हाती असूनही इमारत कागदावर जन्मलेलीच नसू शकते. अशा इमारतीतील सदनिकेचा लिलाव झाला तर विक्रीचा दाखला तिला कायदेशीर करीत नाही. जे पाडण्यास पात्र होते ते खरेदीदाराच्या हातातही पाडण्यास पात्रच राहते. २०१५ साली ज्या २७ गावांचा समावेश महानगरपालिकेत झाला, त्यांच्या समावेशाविषयी पुढे वाद-प्रतिवाद झाले. त्या काळात परवानगी कोणाची, ग्रामपंचायतीची, महानगर प्राधिकरणाची की पालिकेची, या संदिग्धतेचा लाभ ज्यांनी घ्यावयाचा त्यांनी पुरेपूर घेतला. या गावांतील सदनिका घेताना परवानगीचा क्रमांक वाचून समाधान मानू नये. नगररचना विभागाकडून माहिती अधिकारात त्या क्रमांकाची पडताळणी करून घ्यावी. तीस दिवसांची वाट पाहणे जिवावर येते हे खरे, पण लिलाव पुन्हापुन्हा निघतात आणि पहिल्या फेरीत ग्राहक न मिळाल्यास राखीव किंमत उतरलेलीही दिसते.

करदेयकाकडे पाहण्याचे आणखी एक कारण येथे आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराखेरीज शास्ती आकारता येते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही हेही तेथेच सांगितलेले आहे. म्हणून देयकात शास्तीचा रकाना भरलेला दिसला तर तो आकडा किती हे पाहण्याआधी तो का आहे, हे विचारावे. ‘कर भरतो म्हणजे घर कायदेशीर’ हा आपल्याकडील सर्वांत रुजलेला आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे.

ताब्याचा प्रश्न वकिली पुस्तकांत बोज्यांच्या प्रकरणात येत नाही, पण व्यवहारात तो सर्वांत जड बोजा ठरतो. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असे शब्द असतील तर आत माणसे राहत आहेत असे समजावे. त्यांना बाहेर काढण्यासाठी बँकेने सरफेसीच्या कलम १४ खाली ठाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा, त्यांनी हुकूम द्यावयाचा आणि तहसील कार्यालयाने पोलीस बंदोबस्तात तो बजावावयाचा असा क्रम आहे. कायद्यात त्यासाठी दिवसांची मुदत घातलेली असली तरी परीक्षा, निवडणुका, पावसाळा आणि बंदोबस्ताची टंचाई यांना ती मुदत माहीत नसते. राहणारा माणूस थकबाकीदाराचा नातलग असेल तर प्रश्न केवळ वेळेचा. तो खरा भाडेकरू असेल तर हक्काचा. विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या २०१६ च्या निर्णयाने भाडेनियंत्रण कायद्याने संरक्षित भाडेकरूस सरफेसीच्या जोरावर हुसकावता येत नाही असे सांगितले. २०१९ च्या पुढील निर्णयाने नुसत्या तोंडी भाडेकराराचे कितपत मानावे यास लगाम घातला. ठाण्यात जांभळी नाक्याच्या किंवा कल्याणात पारनाक्याच्या आसपासच्या जुन्या घरात पागडीचे कूळ असेल, तर विक्रीचा दाखला हाती असूनही खरेदीदार पुढची पंधरा वर्षे केवळ घरमालक म्हणून नाममात्र भाड्याची पावती फाडीत बसण्याचा संभव आहे.

ऋणकोचा आक्षेप हा आणखी एक. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे कलम १७ खाली ४५ दिवसांत दाद मागता येते, आणि ती दाद प्रलंबित असतानाच लिलाव होऊन जातो. या जिल्ह्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रातील बोनसरी येथील भूखंडाचे आहे. युनियन बँकेच्या लिलावात सेलिर या संस्थेची १०५ कोटींहून थोडी अधिक रकमेची बोली मान्य झाली. त्यानंतर ऋणको बाफना मोटर्सने अधिक रक्कम भरून गहाण सोडविण्याची तयारी दाखविली आणि उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून सांगितले की २०१६ च्या दुरुस्तीनंतर गहाण सोडविण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच संपतो. खरेदीदार जिंकला, पण तेवढ्यावर भागले नाही. मधल्या काळात तो भूखंड तिसऱ्याच संस्थेच्या नावे करून देण्यात आला होता, आणि अखेर १३ डिसेंबर २०२४ रोजी अवमान याचिकेतील निर्णयाने त्या हस्तांतरणास प्रलंबित दाव्याचे तत्त्व लागू करून ताबा देण्याचा आदेश झाला. मोठे वकील आणि मोठा पैसा पाठीशी असलेल्या खरेदीदारास जेथे सर्वोच्च न्यायालयाची पायरी दोनदा चढावी लागली, तेथे सामान्याने न्यायाधिकरणात अर्ज प्रलंबित आहे काय हे बोली लावण्यापूर्वी पाहिलेच पाहिजे.

ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी १९९९ साली झालेला महाराष्ट्राचा कायदा अलीकडे अधिक वजनदार झाला आहे. डोंबिवलीने २०१९ मध्ये एका सराफी पेढीच्या भिशी-ठेवींची होळी पाहिली. अशा प्रकरणांत शासन संबंधितांच्या मालमत्ता जप्त करते, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल स्पॉट एक्स्चेंज प्रकरणात असे ठरविले की या कायद्याखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर बँकेस तारणाच्या नावाने अग्रहक्क सांगता येणार नाही. व्यापाऱ्याची मिळकत घेताना अशी जप्ती आहे काय हा शोध टाळू नये.

औद्योगिक गाळ्यांविषयी थोडक्यात. वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ येथील भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ९५ वर्षांच्या पट्ट्यावर असतात. लिलावात मिळतो तो पट्ट्याचा उरलेला काळ, आणि महामंडळाची संमती व फरकाचे अधिमूल्य खरेदीदाराच्याच माथी येते. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी कायद्याने आस्थापनेच्या मालमत्तेवर प्रथम भार आहे, तीही विचारावी. जमिनीच्या बाबतीत नागरी कमाल जमीनधारणा कायदा २००७ साली महाराष्ट्रात रद्द झाला असला तरी त्याच्या कलम २० खालील सवलतींच्या अटी अनेक मिळकतींच्या नोंदींत अद्याप उभ्या आहेत, आणि भोगवटादार वर्ग २ किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून कोणताही लिलाव निर्धोक नाही. शेतजमिनीस तर सरफेसी लागूच नाही.

हे सारे वाचून कोणी लिलावाच्या वाटेस जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. अनेक सदनिका खरोखरच स्वच्छ असतात आणि अनेक कुटुंबांना या मार्गानेच स्टेशनजवळचे घर परवडले आहे. माझी तक्रार आहे ती बँकांच्या सोयीस्कर अज्ञानाविषयी. नियम ८ च्या उपनियम ६ प्रमाणे विक्रीच्या सूचनेत ज्ञात बोज्यांचा तपशील द्यावा लागतो, आणि मिळकतीचे स्वरूप व मोल ठरविण्यास खरेदीदारास जे जे कळणे महत्त्वाचे आहे असे अधिकाऱ्यास वाटेल तेही सांगावे लागते. बहुतेक सूचनांत या रकान्यात एक आडवी रेघ किंवा ‘ज्ञात नाही’ एवढे दोन शब्द असतात. संस्थेकडून थकबाकीचा दाखला, पालिकेचे ताजे देयक आणि वीजबिल मागविण्यास प्राधिकृत अधिकाऱ्यास एका आठवड्याहून अधिक वेळ लागत नाही; रिझर्व्ह बँकेने हे तीन कागद सूचनेस जोडणे सक्तीचे करावे, अशी या निमित्ताने विनंती आहे.

तोपर्यंत वाचकाने एक काम स्वतः करावे. बोलीची अनामत भरण्यापूर्वी, आणि बोली मान्य झाल्यावर लगोलग पंचवीस टक्के रक्कम भरावी लागते हे ध्यानात ठेवून, प्राधिकृत अधिकाऱ्यास पोच देणाऱ्या टपालाने एक पत्र लिहावे : संस्थेचे, पालिकेचे व वीज कंपनीचे येणे किती, पूर्वीचे गहाण आहे काय, आत कोण राहते, न्यायाधिकरणात अर्ज प्रलंबित आहे काय, आणि बांधकाम परवानगीची खातरजमा बँकेने केली आहे काय. उत्तर आले तर ते जपून ठेवावे. न आले तर पत्राची स्थळप्रत आणि पोच जपून ठेवावी. त्या पत्रानंतर बँकेस ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणणे कठीण जाते, आणि बोजे ज्ञात असल्याचे निघाल्यास नियम ९ प्रमाणे त्यांची रक्कम अधिकाऱ्याकडे भरून ते उतरवून घेण्याची मागणी करता येते. अशा पत्राचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे. तो मराठीतच पाठवावा, जिल्ह्यातील प्रत्येक बँकेत तो वाचणारे माणूस आहे.